परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचंय, वर्क परमिट लागेल का? पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणारी मुलं, हिंजवडीतल्या नोकरीतून सहा महिन्यांची रजा काढू पाहणारे इंजिनिअर, लेकीकडे न्यू जर्सीला निघालेले आजी-आजोबा आणि परदेशी पाहुण्यांना कामात सामावून घेणाऱ्या इथल्या संस्था, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. व्हिसाचे नियम आणि फी बदलत राहतात. म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्याच.

मी पगारच घेणार नाही. मग परमिट कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त माणसं अडकतात तीही इथेच. पगार नाही एवढ्यावर कुठलाच देश समाधान मानत नाही. तुम्ही जे करणार आहात त्याला त्यांच्या कायद्यात 'काम' म्हणतात का, हे पाहिलं जातं, आणि ही व्याख्या प्रत्येक देशाची वेगळी आहे.

कॅनडाचं उदाहरण घ्या. तिथल्या नियमांत ज्याबद्दल वेतन किंवा कमिशन मिळतं ते काम आहेच. शिवाय ज्यामुळे तिथल्या नागरिकांशी किंवा कायम रहिवाशांशी रोजगाराच्या बाजारात थेट स्पर्धा होते तेही कामच, मग एक डॉलरही हातात पडो न पडो. टोरांटोतल्या मित्राच्या दुकानात महिनाभर गल्ल्यावर फुकट बसलात, तर तिथे एरवी पगारी माणूस लागला असता. म्हणून ते काम. याउलट अत्याचारग्रस्तांच्या हेल्पलाइनवर फोन घेणं किंवा धर्मादाय संस्थेच्या संचालक मंडळावर बसणं यासाठी सहसा कुणी पैसे देत नाही, म्हणून ते काम धरलं जात नाही.

न्यूझीलंड याहून कडक आहे. मोबदला म्हणजे फक्त पैसे असं ते मानत नाहीत. राहण्या-जेवणाची सोयही मोबदल्यात धरतात. 'रोज चार तास शेतावर काम करा, खोली आणि जेवण फुकट' अशा जाहिराती पाहून टूरिस्ट म्हणून जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. तिकडे त्या खोलीमुळेच ते काम ठरतं आणि कामाचा व्हिसा लागतो.

ऑस्ट्रेलियाची भूमिका या दोघांच्या मधली आहे. व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण अटी आहेत: प्रवासाचा मुख्य हेतू पर्यटन किंवा भेटीगाठी हा हवा, ते काम एरवी तिथल्या माणसाने पगार घेऊन केलं नसतं असं हवं, आणि मोबदल्यात जेवण, निवास किंवा झालेल्या खर्चाची भरपाई यापलीकडे काही नको. म्हणजे जी खोली न्यूझीलंडमध्ये नडते, ती ऑस्ट्रेलियात चालते. एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावू नका असं मी पुन्हा पुन्हा सांगते ते यासाठीच. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'मी गेले होते, काही लागलं नाही' असं कुणी लिहिलं, तर आधी देश विचारा, मग वर्ष.

स्वतःला दोन प्रश्न विचारा. मी गेलो नाही तर या कामासाठी त्यांना कुणाला पगार देऊन ठेवावं लागेल का? आणि पैसे सोडून मला दुसरं काही मिळणार आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो, थोडंफार' असं येत असेल, तर टूरिस्ट व्हिसाचा विचार तिथेच थांबवा.

पण दोन-तीन आठवड्यांसाठीच असेल तर टूरिस्ट व्हिसावर चालतं ना?

काही देशांत चालतं. ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. हे दिवस एकूण मोजतात. आठवड्यात दोनच दिवस जाऊन ती पाच महिने लांबवायची असेल तर हिशोब करून बघा.

अमेरिकेत स्वयंसेवेसाठी बी-१ (व्यवसायानिमित्तच्या भेटीचा व्हिसा) हा व्यवस्थित, कायदेशीर मार्ग आहे. मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा धर्मादाय संस्थेचा स्वयंसेवेचा कार्यक्रम हवा, अमेरिकेतून पगार मिळता कामा नये (राहण्याचा किरकोळ खर्च किंवा भत्ता चालतो), आणि वस्तू विकणं किंवा देणग्या गोळा करणं हे काम तुमच्याकडे नसावं. संस्थेच्या पत्रात तुमचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ, भारतातला पत्ता, तिथे पहिल्यांदा कुठे जाणार आणि किती काळ राहणार हे सगळं असावं. पुण्याच्या अर्जदारांची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत, बीकेसीला होते. ते पत्र मूळ प्रतीत घेऊन जा.

थायलंडमध्ये मात्र स्वयंसेवकाला नॉन-इमिग्रंट 'ओ' व्हिसा काढून त्यावर वर्क परमिटही घ्यावं लागतं. फिरायला जाणाऱ्या भारतीयांना तिथे ज्या सवलती मिळतात त्या फिरण्यापुरत्याच. टांझानियात स्वयंसेवकांसाठी 'क्लास सी' निवास परवाना आहे. किलिमांजारो चढून झाल्यावर 'आता महिनाभर गावातल्या शाळेत शिकवू' असं ठरवणाऱ्यांना तो आधी काढावा लागतो.

ब्रिटनमध्ये वर्षभर एखाद्या चॅरिटीत राहायचं आहे.

त्यासाठी चॅरिटी वर्कर व्हिसा आहे. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. संस्थेकडे सरकारी स्पॉन्सर परवाना असावा लागतो. ती संस्था तुम्हाला सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देते आणि काम सुरू होण्याच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. पगार नाही, फक्त वाजवी खर्चाची भरपाई.

इथे एक अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. काम संस्थेच्या मूळ उद्देशाशी थेट जोडलेलं, प्रत्यक्ष सेवेचं हवं. संस्थेच्या ऑफिसातली कारकुनी, चॅरिटी शॉपमध्ये विक्री, निधी गोळा करणं, इमारतीची देखभाल हे यात बसत नाही. 'आमच्या सोशल मीडियाचं बघशील का' असं संस्था म्हणाली की थांबून विचारा, की हे या व्हिसात बसतं का.

खर्चाची तयारी ठेवा. संस्थेने तुमची हमी घेतली नसेल तर बँक खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दिसावे लागतात. सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो, आणि ब्रिटनने मान्यता दिलेल्या क्लिनिकमधून टीबीची तपासणीही करून घ्यावी लागते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही.

जर्मनीचं 'एफएसजे' आणि 'बीएफडी' म्हणजे नेमकं काय? मी जर्मन शिकले आहे.

पुण्यातून या विषयावर जितके प्रश्न येतात तितके दुसऱ्या कुठल्याच देशाबद्दल येत नाहीत. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात आणि रानडेत शिकणाऱ्यांची संख्या पाहता नवल नाही.

जर्मनीत कायद्याने चालवलेली स्वयंसेवा आहे. एफएसजे म्हणजे सामाजिक कामाचं स्वैच्छिक वर्ष, २७ वर्षांच्या आतल्यांसाठी. त्याचंच पर्यावरणातलं रूप म्हणजे एफओजे. बीएफडी ही केंद्र सरकारची योजना. तिथली सक्तीची लष्करी भरती २०११मध्ये स्थगित झाली, तेव्हा सक्तीने सेवा करणाऱ्या तरुणांची जागा भरायला ती सुरू झाली. तिला वरची वयोमर्यादा नाही. वृद्धाश्रम, हॉस्पिटल, दिव्यांगांच्या संस्था, बालवाड्या अशा ठिकाणी साधारण वर्षभर काम असतं. कमीत कमी सहा महिने, आणि सहसा १८ महिन्यांपर्यंत वाढवता येतं. महिन्याला हातखर्च मिळतो, काही ठिकाणी राहण्या-जेवणाची सोय, सामाजिक विमा काढला जातो आणि प्रशिक्षणाचे दिवसही असतात.

हे पूर्ण वेळ काम आहे, त्यामुळे शेंगेन टूरिस्ट व्हिसावर जाऊन ते सुरू करता येत नाही. राष्ट्रीय व्हिसा लागतो, म्हणजे ९० दिवसांपेक्षा जास्त राहण्याचा. त्यासाठी आधी संस्थेबरोबर लेखी करार हवा. बीएफडी असेल तर त्या करारावर तिथल्या केंद्रीय कार्यालयाचीही सही असते. तिथे पोचल्यावर पत्त्याची नोंद आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास परवाना, ही दोन कामं पहिल्याच आठवड्यांत उरका.

व्हिसा अधिकारी विचारतील, 'हेच का? आणि त्यानंतर काय?' बरेच जण या वर्षानंतर तिथेच नर्सिंगचं व्यावसायिक शिक्षण घेतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण 'समाजसेवेची आवड' हे पाठ केलेलं वाक्य आणि मागे ना कुठल्या संस्थेचा अनुभव, ना कधी आजारी माणसाची शुश्रूषा, असं दिसलं की त्यांना शंका येते. तुमची आवड खरी असेल तर इथेच सहा महिने एखाद्या वृद्धाश्रमात जाऊन या. तिथे वृद्धांना अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं हे रोजचंच काम असतं. आपल्याला ते झेपेल का, हे जर्मनीत पोचायच्या आधी कळलेलं बरं.

आणखी एक. या योजनेची जागा मिळवून देतो म्हणून लाखभर, दोन-दोन लाख रुपये मागणारे एजंट शहरात आहेत. जर्मन संस्था थेट अर्ज घेतात. जी संस्था तुम्हाला हातखर्च द्यायला तयार आहे तिच्यापर्यंत पोचायला एवढे पैसे का लागावेत?

आई-बाबा सहा महिने अमेरिकेला जाताहेत. देवळात सेवा, मराठी शाळेत शिकवणं, गणपतीत ढोल, नातवंडं सांभाळणं… यात काही अडचण?

एकेक पाहू. बी-२वर (पर्यटन आणि भेटीगाठींचा व्हिसा) कुटुंबाला भेटायला गेलेल्या आजीने नातवाला सांभाळलं तर त्याला कुणी नोकरी म्हणत नाही. शेजारच्या दोन मुलांनाही पैसे घेऊन सांभाळलं, तर ती नोकरी. ब्रिटनच्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: नातेवाईक मुलांकडे बघायला आले तर चालतं, मात्र भेट थोड्या काळाची हवी आणि त्यांना बेबीसिटर म्हणून कामाला ठेवल्यासारखं नको.

देवळात रविवारी प्रसाद वाढणं, बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या एखाद्या मराठी शाळेत मुलांना गोष्ट सांगायला जाणं ही भक्तांनी आणि पालकांनी एरवीही फुकटच करायची कामं. तेवढ्यात काही बिघडत नाही. देवळाच्या स्वयंपाकघरात पगारी आचाऱ्याच्या जागी रोज आठ तास उभं राहणं वेगळं. तिथे 'सेवा' म्हटल्याने काही बदलत नाही.

ढोलाचा प्रश्न पुण्याचाच, म्हणून सविस्तर. बी-२वर हौशी कलाकाराला संगीताच्या कार्यक्रमात भाग घेता येतो, त्याबद्दल पैसे घेत नसेल तर. पथकात हौसेने वाजवणारे बाबा तिथल्या मंडळाच्या मिरवणुकीत वाजवू शकतात. पण कार्यक्रम करून पोट भरणाऱ्या व्यावसायिक कलाकाराला, मानधन 'या वेळी नको' म्हटलं तरी, हा रस्ता नाही. त्यांच्यासाठी आयोजकांनी पी वर्गातला व्हिसा काढायचा असतो.

विद्यार्थी किंवा डिपेंडंट व्हिसावर असताना स्वयंसेवा?

अमेरिकेत एफ-१वरच्या विद्यार्थ्याला ना-नफा संस्थेत खरी स्वयंसेवा करता येते: अन्नछत्र, झाडं लावणं, मुलांना शिकवणी. एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसामुळे, गेलेल्या पतीलाही आणि पत्नीलाही तसंच. मात्र स्टार्टअपमध्ये 'अनुभवासाठी फुकट' कोडिंग करणं ही स्वयंसेवा नाही. ते पगाराचं काम आहे आणि परवानगीशिवाय केलं तर स्टेटस धोक्यात येतं.

शिक्षण संपल्यानंतरच्या ओपीटीत, म्हणजे शिकलेल्या विषयात काही काळ काम करण्याच्या परवानगीत, एक सोय आहे: आपल्या विषयाशी संबंधित, आठवड्याला किमान २० तासांची विनावेतन स्वयंसेवा रोजगारात धरली जाते, त्यामुळे बेकारीच्या ९० दिवसांचं घड्याळ थांबतं. स्टेम ओपीटीला (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांसाठीची वाढीव मुदत) हे लागू नाही, तिथे पगार हवाच. ब्रिटनमध्ये ठरलेल्या तासांचं, करारासारखं बांधील विनावेतन काम विद्यार्थ्यांच्या आठवड्याच्या २० तासांच्या मर्यादेत मोजलं जातं.

डॉक्टर आहे, कॅम्पमध्ये फुकट पेशंट तपासायचे आहेत.

व्हिसा हा अर्धाच भाग. पेशंटला हात लावायला त्या देशाची वैद्यकीय नोंदणी लागते, फी घ्या वा न घ्या. नर्स आणि दंतवैद्यांनाही हेच लागू. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारखी (एमएसएफ) संस्था किंवा संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम (स्थापना १९७०, मुख्यालय बॉन) यांच्यातर्फे गेलात तर त्या कागदपत्रांची व्यवस्था ते लावतात, आणि निर्वाहभत्ताही देतात. एकट्याने जाऊन कॅम्प लावण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित, तुमच्यासाठी आणि पेशंटसाठी.

दिवसा स्वयंसेवा आणि रात्री पुण्यातल्या कंपनीचं काम, लॅपटॉपवरून. चालेल?

ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४पासून पाहुण्यांना दूरस्थ कामाची मुभा दिली आहे, पण तो प्रवासाचा मुख्य हेतू नको. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५पासून व्हिजिटर व्हिसावर परदेशी मालकाचं काम ऑनलाइन करू दिलं आहे. स्वयंसेवेचे नियम मात्र दोन्हीकडे तसेच आहेत. कंपनीच्या एचआरला न सांगता लॅपटॉप नेऊ नका; डेटा आणि कर या दोन्हींवरून तुमची नोकरीच अडचणीत येईल.

ऑस्ट्रेलियाच्या 'वर्क अँड हॉलिडे'बद्दल ऐकलं.

१८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी उपवर्ग ४६२, वर्षाला १,००० जागा, सोडतीने. मिळाला तर पगारी काम, स्वयंसेवा, फिरणं सगळं त्यातच. सोडतीत नाव नोंदवण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राजीनामा देऊ नका.

संस्था खरी आहे हे कसं ओळखायचं?

ब्रिटनच्या परवानाधारक स्पॉन्सरांची यादी आणि धर्मादाय संस्थांची नोंदवही सार्वजनिक आहे. अमेरिकेच्या करमुक्त संस्था तिथल्या कर खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात. संस्थेचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघा, आणि फोन संकेतस्थळावरच्या क्रमांकावर करा, एजंटने दिलेल्या नव्हे. परदेशी रोजगारासाठी भारतातून भरती करणाऱ्या एजंटला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. 'टूरिस्ट म्हणून जा, तिथे गेल्यावर बघू' हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याच्याकडे पैसे भरू नका.

अनाथाश्रमात दोन आठवडे राहण्याची पॅकेजेस शक्यतो टाळाच. नेपाळ आणि कंबोडियात पाहुण्यांच्या पैशासाठी आई-वडील असलेली मुलं आश्रमांत आणून ठेवल्याचं उघड झालं आहे.

पासपोर्टवर ईसीआर आहे. फरक पडतो?

ईसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' हा शेरा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर तो असतो. आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया यांच्यासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना उत्प्रवास मंजुरी लागते. 'स्वयंसेवक' म्हणून नेऊन तिथे घरकामाला किंवा बांधकामावर लावण्याचे प्रकार घडतात. घरातल्या कुणाला अशी ऑफर आली असेल तर ती मंजुरी टाळायला कुणी सांगत नाही ना, हे आधी पाहा.

पुण्यातून कागदपत्रं कशी जमवायची?

पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा अर्ज पासपोर्टच्याच पोर्टलवर करायचा. अपॉइंटमेंट मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची मिळते. मुलांबरोबर काम असेल तर हा दाखला जवळपास सगळीकडे मागतात. पदवी किंवा जन्मदाखला अपॉस्टील (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करायचा असेल तर आधी राज्य पातळीवर प्रमाणित करून मग परराष्ट्र मंत्रालयाकडे. भारत अपॉस्टील करारात २००५पासून आहे. याला वेळ लागतो, म्हणून तिकिटाच्या आधी हे सुरू करा. व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं केंद्र पुण्यात आहे, पण तुमच्या देशाचा आणि तुमच्या प्रकारचा अर्ज तिथेच घेतात की मुंबईला जावं लागतं, हे अपॉइंटमेंटच्या वेळी बघा.

विमानतळावर काय सांगायचं?

जे अर्जात लिहिलं आहे तेच. संस्थेचं पत्र हाताशी ठेवा. 'फिरायला आलोय' म्हणायचं आणि बॅगेत स्वयंसेवकाचं ओळखपत्र सापडायचं, यातून सुटका नसते. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर ब्रिटन १० वर्षांपर्यंत आणि कॅनडा ५ वर्षं दार बंद करू शकतात, आणि पुढे प्रत्येक देशाच्या अर्जात 'पूर्वी नकार मिळाला होता का' या रकान्यात ते लिहावं लागतं. चांगल्या हेतूने निघालेल्या माणसावर ही वेळ यावी याचं मला फार वाईट वाटतं, कारण खरा रस्ता बहुतेक वेळा उपलब्ध असतो. फक्त तीन-चार महिने आधी सुरुवात करावी लागते.

उलट प्रश्न: आमच्या पुण्यातल्या संस्थेत परदेशी स्वयंसेविका येणार आहे. तिला कुठला व्हिसा?

महिनाभराच्या आत आणि कसलाही मोबदला नसेल तर भारताच्या पर्यटक व्हिसात अल्पकालीन स्वयंसेवा बसते. त्याहून जास्त काळ असेल तर एम्प्लॉयमेंट व्हिसा. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेत मानद काम करणाऱ्यांना तो मिळतो, आणि त्यावर संस्थेचं नाव व कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं. भारतात परदेशी कर्मचाऱ्यांसाठी पगाराची जी किमान अट आहे ती या स्वयंसेवकांना लागू नाही. व्हिसावर पुण्याचं केंद्र लिहिलेलं असेल तर तिला परस्पर मेळघाटच्या प्रकल्पावर पाठवू नका.

१८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आली असेल तर पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. ती तुमच्या संस्थेच्या वसतिगृहात राहो किंवा कार्यकर्त्याच्या घरी, तिला ठेवून घेणाऱ्याने परदेशी पाहुण्याची नोंद करणारा फॉर्म (पूर्वीचा 'फॉर्म सी') २४ तासांत ऑनलाइन भरायचा असतो. कोथरूडच्या टू-बीएचकेमध्ये पाहुणी म्हणून राहिली तरी हे लागू आहे, आणि ही जबाबदारी तिची नसून घरमालकाची आहे.